बटण

हडर्सफील्डची बस. वळणावर
माझा पाय लागला शेजारच्या म्हाताऱ्याला.
सॉरी तोच म्हणाला.
माझा हात मात्र खाली गेलेला,
त्याच्या बुटापाशी, तिथून छातीशी.
लहानपणीची सवय, विचारून थोडीच येते.

"काही पडलं का?" म्हणत
तोही वाकला, एका हातानं टोपी सावरत
सीटखाली चाचपू लागला.
काय सांगणार होते मी,
आणि कुठल्या इंग्रजीत?

सापडलं एक बटण. तपकिरी, चार भोकांचं.
फुंकर मारून त्यानं
माझ्या तळव्यावर ठेवलं.

माझं नव्हतं.
"थँक्यू," म्हटलं, आणि मूठ मिटली.

माझ्या कोटाची बटणं काळी,
सगळी जागच्या जागी.
थांबा येईपर्यंत ती त्याच्या समोरच होती.
बोलला नाही.