सावली चपलेखाली

पुण्याहून संपादकांचा निरोप:
गुप्तहेरकथा आहे ना, मग अंधार कुठाय?
पाऊस? ओला रस्ता? दिव्याचा खांब?
बाईच्या डोक्यावर हॅट नको, कबूल,
पण निदान भिंतीवर तिची लांब सावली तरी काढा.

आता यांना कसं सांगावं,
सन एकोणीसशे एकतीस, बोरखडी, वैशाख,
दुपारचे बारा.
सावली आहे ती दमणीखाली,
तिथं आधीच कुत्रं झोपलेलं.
माझी शाईची बाटली भरलेलीच राहते.
चौकटीच्या चौकटी कोऱ्या सोडते
आणि म्हणते, हे ऊन आहे.

कौतिका भोयर दमणीतून उतरते.
नऊवारी लुगडं, कमरेला चंची,
चंचीत तंबाखू, चुना, एक भिंग
आणि दातांनी चावलेली पेन्सिल.
तिचं पहिलं वाक्य: "मी पाह्यतो."
त्यावर लाल गोल. बाई आहे, 'पाहते' करा.
मी गोल खोडला.
आमच्याकडे बाया असंच म्हणतात, मी जातो, मी करतो.
त्यानं कोणी पुरुष होत नाही.

जिनाच्या मालकानं बोलावलंय तिला.
प्रेसचा मुकादम हरबाजी ढोके होळीपासून बेपत्ता,
गल्ल्यातले नव्वद रुपये बेपत्ता.
"नागपूरले पळाला असन," मालक म्हणतो,
"बाई ठेवली असन थ्या भाड्यानं."
हरबाजीची बायको ओसरीत गहू निवडते आहे.
वर पाहत नाही.
कपाळावर कुंकू आहे,
पण बांगड्या काढून कोनाड्यात ठेवलेल्या.
कौतिका तिकडे दोनदा पाहते.
मी ती चौकट दोनदा काढली.

मग काट्याजवळची खोली. वजनाची वही.
गाठ एकशे बारा, पावणेपाच मण.
एकशे तेरा, पावणेपाच मण.
एकशे चौदा, साडेसहा मण.
बोट थांबतं.
(इथं मी पहिल्यांदा शाई वापरली.
नखाएवढी, बोटाखाली.)
मापाडी कान खाजवतो. "कापूस ओला असन, बाई."
"शिमग्यात?"

गाठ केव्हाच गेली.
छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, मोठ्या गाडीनं मुंबई, पुढं बोट.
हरबाजी,
ज्यानं उभ्या जन्मात यवतमाळच्या पलीकडचं गाव पाहिलं नाही,
विलायतेत पोचलासुद्धा.

रात्रपाळीच्या बाया सरकीच्या ढिगाशी उभ्या.
अकरा जणी.
केसांत, भुवयांत, पापण्यांत कापूस,
सोळा वर्षांचीही म्हातारी दिसते.
"त्या राती कोन होतं?"
"आमी साऱ्या."
"आन् काय केलं?"
"गाठ बांधली."
अकराही जणींचं तेच उत्तर,
कानामात्रेचा फरक नाही.
शेवटची गुंफा, सगळ्यांत लहान,
पदर ओढून दंड झाकते.
बिडीचे चटके. जुने. पाच.
मी ते मोजून काढले, प्रत्येकाला पेन वेगळं टेकवून.

नव्वदला अकरानं भागलं तर दोन उरतात.
गुंफाच्या पायात नव्या चपला.

सत्ताविसावं पान मी काढलेलं नाही.
संपादक दर आठवड्याला मागतात.
अठ्ठाविसाव्यावर वहीत एक पान कमी आहे,
चुलीत थोडी जास्त राख आहे
आणि कौतिका मालकाला इसार परत करते आहे.
"नागपूरलेच गेला असन. तुमीच म्हनलं ना."
ती तंबाखू मळते. हात थोडा हलतो,
चुना सांडतो. पांढऱ्यावर पांढरा,
तो छापल्यावर दिसणार नाही.

शेवटची चौकट आडवी, पानभर.
कोरी. मध्यभागी पाठमोरी बाई,
तिची सावली तिच्याच चपलेखाली
आणि एक छोटा फुगा: "मी येतो."

त्यालाही लाल गोल आलाय.