चाळिसावा भाग

मत्र्याच्या सुकात, लोबानवाल्याच्या मागं,
जिन्याखालची साडेसहा फूट जागा माझी :
एक भट्टी, एक काटा, तेजाबाची बरणी,
आणि विट्याच्या पेढीचं गेल्या साली संपलेलं कॅलेंडर.

रमजानचा विसावा रोजा. मी चहाचा कप भट्टीआड सारला
तेवढ्यात खैरुन्निसा मुकादम आल्या.
वादी कबीरला शिवणकाम करतात. मूळच्या बाणकोटकडच्या.
रुमालाची गाठ दातांनी सोडत म्हणाल्या,
"जकात काढायचीय. वजन बघा."

मला जकात म्हणजे मिरजेच्या नाक्यावरचा आडवा बांबू,
ट्रकवाल्याची पावती, पहाटेची शिवी.
इथं बांबू नाही, शिपाई नाही.
माणूस आपणच येतो
आणि आपलीच गाडी अडवतो.

सहा बांगड्या : चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन.
हार : बेचाळीस पूर्णांक तीन, पोटात लाख.
कानातले तेरा ग्रॅम.
लाख वजा, खडे वजा.
(खडे लाल. "त्यांनीच हट्टानं बसवलेले," म्हणाल्या,
आणि मी वजाबाकी जरा हळू लिहिली.)
उरले एकशे बत्तीस, बावीस कॅरेटचे.
शुद्ध धरलं तरी पंच्याऐंशीच्या वर.
चाळिसावा भाग तीन पूर्णांक तीन ग्रॅम,
आजच्या भावानं एकशे अठरा रियाल, आठशे बैसा.

बाई गप्प. मग म्हणाल्या,
"आमी शाफई. अंगावर घालतो त्याला जकात नाय,
ठेवलेल्याला हाय."
"मग तुम्ही घालता की ठेवता?"

उत्तर दिलं नाही. एक बांगडी उचलली,
अंगठा आत मुडपला, ढकलली.
बोटांच्या पेरांशी अडली.
अकरा वर्षं कात्री चालवलेला हात,
पेरं सुपारीएवढी.
मी साबणाच्या पाण्याची वाटी पुढं केली,
आमच्याकडं असतेच ती.
त्या हसल्या. वाटी मागं सारली.
"साबन लावून घालायची ती कसली अंगावरची?
ठेवलेलीच. लिवा."

रोख नव्हती. पगाराला अजून आठ दिवस.
"हिच्यातनंच कापा."

तीस वर्षं मी सोनं वितळवतोय.
पॉइंट शून्य दोनसाठी भांडणारी माणसं पाहिली,
फुंकर मारून काटा हलवणारी पाहिली.
हा तुकडा तीन पूर्णांक छत्तीस भरला.
घासून कमी करतो म्हटलं, तर म्हणाल्या,
"ऱ्हाऊ द्या. देताना काय घासायचं."

कुणाला देणार, विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

बांगडीला आता तोंड पडलं होतं.
सहज म्हणून मनगटावर आडवी चढवली
तर बसली की.
दोघंही बघत राहिलो.
"बरं झालं," म्हणाल्या, "ही आता अंगावरची.
पुढल्या साली हिला मोजू नका हां!"
आणि दिवसभराच्या तहानेतनं
कोरड्या ओठांनी हसल्या.

त्या गेल्यावर चहा प्यालो. गार.
करवतीखाली कीस पडला होता : पॉइंट शून्य तीन.
आमच्या धंद्यात कीस कारागिराचा, कुणी विचारत नाही.
मी पुडी बांधली. वर 'मुकादम' लिहिलं.
मग वाटलं, हा तर कापलेल्या भागाचा कीस,
म्हणजे आता त्यांचाही नाही.
नाव खोडलं.
दुसरं कुठलं लिहावं, सुचेना.
बाहेर मगरिबची बांग झाली, खजुरांच्या थाळ्या निघाल्या,
आणि मी पुडी हातात धरून
जिन्याखाली तसाच उभा.