कणकुंबी, केंद्र क्रमांक सतरा

उद्यमबागेत लेथच्या दुकानावर माझी खोली.
खाली दिवसभर लोखंड सोलतात,
वर मी अडतीस गावांतल्या दुधाच्या काट्यांशी बोलते.
बोलते म्हणजे काय, एकेकाला सॉकेट उघडून देते
आणि कान लावून बसते.

सोमवारी सतरा नंबर हिरवा होता.
साडेसहा ते पावणेदहा, अखंड हिरवा,
आणि थेंबभर दूध आलं नाही.
फोन केला तर यल्लूबाई गुरव म्हणाल्या,
"त्रेचाळीस लिटर मापलंय की गे.
मशीन घेतलं म्हणून सांगायलंय."

मशीन खोटं बोलत नव्हतं.
सेंड म्हणतं, गेलं.
म्हणजे एवढंच, की माल आपल्याच पडवीत उतरला.
पुढं गाडी आली का, घाटात बंद पडली का,
हे सेंडला कुणी विचारलेलंच नसतं.

चूक माझी. मी फक्त निरोपाची सोय केली होती.
समोरचा नीट बंद करून गेला
तर वाचायला गेल्यावर हाती शून्य बाइट येतात.
शून्य म्हणजे रीत: उंबऱ्यावर थांबून
'येते हं' म्हणून गेलेलं माणूस.
वायर उपटली तर शून्यही येत नाही.
गप्प बसलेलं यंत्र आणि मेलेलं यंत्र
इकडून हुबेहूब सारखं दिसतं.

बुधवारी बसनं गेले. जांबोटीनंतर
माझाही फोन दोनदा मेला, दोनदा उठला.
केंद्राच्या खोलीत आंबूस वास, फळीवर मॉडेम.
वीज गेली की इथला टॉवर बसतो
आणि मॉडेम चोर्ल्यापलीकडच्या गोव्याचा हात धरतो.
नवा पत्ता मिळतो त्याला.
मी जुन्या पत्त्यावर कान लावून.

"पत्ता बदलतो, मशीन जागेवरच असतं," मी समजावत होते.
यल्लूबाई हसल्या. "आमच्या मामंजींना विचार.
मुंबई इलाख्यात जन्मले, म्हैसुरात लगीन लागलं,
आता कर्नाटकाची पेन्शन खातायत.
परसातला फणस तोच."

त्यांची एक वही होती, दोरीनं बांधलेली.
प्रत्येक कॅनपुढं आकडा.
व्हॅनवाला शंकरेप्पा कॅन उचलताना तोच आकडा
मोठ्यानं परत म्हणतो, "इप्पत्तमूरु."
मग यल्लूबाई तेवीसपुढं बरोबरची खूण करतात. आधी नाही.
"आणि म्हटलाच नाही तर?"
"तर कॅन हितंच. उद्या तोच आकडा, परत."

मी चार वर्षं कॉलेजात होते.

रात्री बसून लिहिलं.
दर तीस सेकंदांनी एक फालतू बाइट,
अर्थ एवढाच, केळस्तैतेन, ऐकू येतंय का.
तीनदा उत्तर आलं नाही तर मी आपणहून दार लावते.
रागानं नाही.
तिकडून पुन्हा ठोठावायचं: एका सेकंदानं,
मग दोन, चार, आठ, पाच मिनिटांच्या वर नाही,
आणि त्यात थोडं फाशाचं दान मिसळायचं,
कारण खानापुरात वीज आली की
सगळे काटे एकाच क्षणी दारावर पडतात.
मागल्या महिन्यात सर्व्हर त्यातच गेला होता.
प्रत्येक मापाला आकडा.
आकडा परत ऐकू आल्याशिवाय पुसायचा नाही.

शुक्रवारी सहा बावन्नला सतरा नंबर लाल झाला.
लाल बघून बरं वाटलं, हे कुणाला सांगू.
खालचे लेथही थांबले होते,
पोरं बाहेर कट्ट्यावर तंबाखू मळत बसलेली.
मी चहा ठेवला. उतू गेला.

सात एकोणीसला हिरवा.
मापं भराभर आली, एकामागून एक,
आणि तेवीस नंबर दोनदा आला.
एकदाच धरला.