सतरावा प्रश्न

अजमानला, नुऐमियात, पिठाच्या गिरणीमागे
तीन मजले, बारा दारं, गच्चीवर चार टाक्या.
घेणारा खाली गाडीत बसलाय, एसी चालू ठेवून.
माझ्याकडे टॉर्च, ओल मोजायचं यंत्र
आणि त्याच्या सोळा प्रश्नांचा कागद.

बाहेर त्रेचाळीस. जिन्यात त्याहून जास्त.
विकणारा दार ठोठावतो, मी आत पाय टाकतो:
माफ करा, दोनच मिनिटं, छत तेवढं बघतो.

छत बघताना खालचं दिसतंच.
१०२ मध्ये करारावर माणसं चार,
बाथरूमच्या खिळ्यांवर टॉवेल अकरा.
रात्रपाळीवाला एक झोपलेला.
त्याच्या उशाशी भिंतीला यंत्र टेकवलं
तसा तो डोळे न उघडता सरकला,
मला जागा करून दिली.

२०१ ची साखळी निघत नाही. फटीतून एक डोळा:
भाडं वाढणार का?
मी म्हणालो, बाई, मी फक्त पाईप बघतो.

२०३ मध्ये तिरफळाचा वास आला
आणि मी मराठीत बोलून बसलो.
कुठले? खेडचा. आम्ही गुहागरचे, खातू.
मग खुर्ची आली, पाणी आलं,
आणि यंत्र मांडीवर घेऊन बसलेला मी
पाहुणा की पंचनामा, मलाच कळेना.
भेग त्यांनी कॅलेंडरामागे ठेवली होती.
"दरवर्षी जरा मोठं कॅलेंडर आणावं लागतं,"
वृंदावहिनी हसून म्हणाल्या,
मग न हसता: "लिहिणार का?"

लिहिलं तर किंमत उतरेल,
आणि दुरुस्तीच्या नावाखाली बारा दारं रिकामी.
नाही लिहिलं तर पुरी किंमत मोजून
तो ती भाड्यातून काढणार.
पेन्सिलीला टोक होतं. तरी मी ती तासली.

पंपाच्या खोलीत बीरान इक्का.
यादीत पंप आहे, मोटर आहे, इक्का नाही.
एकोणीस वर्षं तो पंपाशेजारीच झोपतो;
आवाज बदलला की जाग येते, म्हणाला,
बंद पडला तर मग झोपच लागत नाही.
बेअरिंगला खोबरेल. तेच डोक्याला.
मी कान लावून ऐकलं.
इतका जुना पंप इतका शांत मी पाहिला नव्हता.

खाली काच अर्धी उतरली, गार हवा तोंडावर आली.
भेग सांगितली, मिलिमीटरसकट.
टॉवेल सांगितले नाहीत.
त्यानं मान डोलावली, आणि कागदावर नसलेलं विचारलं:
रिकामी करायला किती दिवस लागतील?

मी म्हणालो, ते माझ्याकडे येत नाही.
पंप चांगला आहे.
पंपाला हात लावू नका.

काच वर गेली.
बोटांना खोबरेलाचा वास होता,
स्टिअरिंगलाही लागला.