सहीची जागा

वर्षाला पंच्याऐंशी.
आकडा माझ्या नावापुढं खडूनं लिहिलेला असायचा
दवाखान्याच्या फळ्यावर. टार्गेट म्हणायचे.
मार्च जवळ आला की साखर पेठेच्या बोळांतून
मी सायकल ढकलत हिंडायचे.
उंबऱ्याउंबऱ्यावर मांडीत सूप घेतलेल्या बायका,
तोंड माझ्याशी बोलायचं, बोटं विडी वळायची.
हजार झाल्याशिवाय बोटं थांबत नसत.

नरसव्वा म्हणाली, सहावं बाळ पाजता पाजता:
"सिस्टर, कारखान्यात कट्टे मोजतात,
घरात सासू पोरगे मोजती.
तू बी मोजायलाच आलीस का?"
मी हसले.
तिला शिबिराला नेलं.

शाळेच्या वर्गात, सतरंजीवर, एका रांगेत सव्वीस जणी.
फळ्यावर अजून पाढे होते.
फॉर्मवर नवऱ्याचा अंगठा, मग तिचा.
कशावर, ते तिनं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
बादली मिळाली स्टीलची.
संध्याकाळी पोट धरून टांग्यात चढताना म्हणाली,
सुटले बाई.

दोन वर्षांनी धाकटा तापात गेला.
ती माझ्या दारात येऊन बसली दुपारभर.
काही मागितलं नाही.
पाणी दिलं, तेही प्याली नाही.

तिची जाऊ मात्र माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.
चाळिशी उलटलेली, पुन्हा दिवस राहिलेले, नको होते.
ती बोळातल्या म्हातारीकडं गेली, काडी घालून घ्यायला.
तिसऱ्या दिवशी सिव्हिलमधून परत आणली,
झाकूनच.
कायदा होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.
मला कलमासकट पाठ होता.
तिला कुणी सांगितला नव्हता.
कुणी म्हणजे मी.

काल नरसव्वाची नात आली, सौजन्या.
युनिफॉर्मच्या कारखान्यात काजं-बटणं करते,
एक पोर आहे, दुसरं आत्ता नको.
"आजी म्हणाली, सिस्टरला घेऊन जा."
म्हणाली म्हणे. मी दोनदा विचारून घेतलं.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मिस्टरांची सही लागेल.
त्याच्या डोक्यावर पाटी:
येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.
शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी पुटपुटलं, पाप आहे.
पलीकडून दुसरी बाई, वर न बघता:
"पोरगी आहे म्हणून पाडायला लावलं माझं,
तेव्हा नव्हतं वाटतं."
मग पंख्याचाच आवाज.

मी म्हटलं, अठरा पूर्ण असली की बाईची एकटीची सही पुरते.
तो म्हणाला, आमच्या इथं लागते.
मी म्हटलं, लिहून दे तसं.
हात कापत होते माझे, वयानं की कशानं.
तो आत गेला. बऱ्याच वेळानं आला.
फॉर्म सरकवला.

सौजन्यानं तो सगळा वाचला,
मागची बाजूसुद्धा, बोट ठेवून, ओळ न ओळ.
रांग खोळंबली.
मी पेन पुढं केलं.
ते हातात घेऊन तिनं विचारलं,
"आजीला वाचून दाखवलं होतंत?"

मी खाली वाकून
पेनाचं टोपण शोधू लागले.
ते माझ्या मुठीतच होतं.