आरोळी

पिंप गप्प आहे.
काल रात्री साडेनऊला यीस्ट घातलं,
आता सकाळचे सात, आणि झाकणावरच्या नळीतलं पाणी
तसूभरही हललेलं नाही.

शनिवारी बाबांचं दफन. नंतर साठ माणसं येतील,
दारात बुटांवरचा बर्फ झटकतील,
आधी कोपऱ्यातल्या लाकडी वाडग्याकडे बघतील,
मग माझ्याकडे.
आमच्या खोऱ्यात गेलेल्याला निरोप देतात तो घरच्या बिअरने.
दुकानातली आणली तर पितात,
पण जाताना कुणी तिचं नाव काढत नाही.

मी बर्गनला दातांचे साचे बनवते.
मोजणं हा माझा धंदा, म्हणून मोजलं.
झाकण सैल आहे का? कधी वायू कडेनेच निसटतो
आणि नळी फुकट बदनाम होते.
नाही, घट्ट आहे.
काचेची तरंगकांडी सोडली:
काल एक हजार ब्याऐंशी,
आज एक हजार ब्याऐंशी.
साखर जागच्या जागी, कुणी चाखलीसुद्धा नाही.
ऊब छत्तीस.
वास जुनिपरचा, ओल्या माल्टचा;
व्हिनेगर नाही, सडकं अंडं नाही.
बिघडलेली बिअर निदान काहीतरी करते.

मग पुन्हा हातात घेतलं ते कडं:
एकात एक अडकवलेले लाकडी तुकडे,
यीस्टच्या सायीत बुडवून चुलीवर वाळवलेले.
दोऱ्याला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी,
‘ऑक्टोबर. चांगलं.’
कुठला ऑक्टोबर, बाबा?
हात थरथरायला लागल्यावर सोडलंत हे सगळं,
त्याला सहा वर्षं झाली की नऊ?
मेलेलं विरजण मी रात्रभर
कोमट पाण्यात उठवत बसले होते.

मॉलफ्रिडला फोन केला.
एका मेंढ्यावरून आणि त्याने मोडलेल्या कुंपणावरून
बाबा तिच्याशी एकोणीस वर्षं बोलत नव्हते.
तिचा पहिला प्रश्न:
ओरडलीस का?
काय?
यीस्ट घालताना. पिंपात तोंड घालून.
हळू घातलं की बिअरही हळूबाई होते.
मी म्हटलं, बाबा अजून घरातच होते,
पुढच्या खोलीत, तोंडावर चादर.
मी कशी ओरडू?
फोनवर बराच वेळ नुसती तिची चूल ऐकू आली.

ट्रॅक्टरवरून आली ती. कोटाच्या आत, पोटाशी धरून,
मुरंब्याची बरणी. तपकिरी, फेसाळ, उबदार.
तुझ्या बापाचीच आहे, म्हणाली.
सत्त्याऐंशी साली माझी आंबली तेव्हा वाटीभर दिली होती.
दर नाताळाला घातली, दर नाताळाला वरची साय ठेवली.
भांडण मेंढ्याचं. हिचा काय संबंध?

नळी बघून हसली: बिअरला शिट्टी कशाला?
कोपर बुडवलं. वासराच्या दुधाएवढं. बरं आहे.
याहून गरम असतं तर मेली असती,
गार असतं तर झोपली असती.
डाव साबणाने धुतलास?
धुतला.
किती पाण्यांनी?
तीन.
चौथं माझ्यासमोर घाल.

मग बरणी उपडी केली आणि
एकाहत्तर वर्षांची ती बाई पिंपावर वाकून
अशी ओरडली की अंगणातलं कुत्रं
खाटेखाली जागा शोधायला घरात आलं.
मग माझ्याकडे बघत राहिली.

मी ओरडले. पहिल्यांदा
पाहुण्यांत खोकावं तसं.
दुसऱ्यांदा काय ओरडले ते माहीत नाही;
शब्द नव्हता, ‘बाबा’ही नव्हतं,
घसा मात्र दिवसभर दुखला.

साडेअकराला कडेने पांढरी रेघ.
दोनला फडकं फुगून वर आलं.
मॉलफ्रिड गेली नव्हती. स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती,
बाबांच्या खुर्चीत नाही, शेजारच्या स्टुलावर,
आणि पलीकडे पिंप
जुनं भांडण उकरल्यासारखं गुरगुरत होतं.

संत्र्याच्या सालीची चव येईल, तिने सांगितलं,
घाबरू नकोस, ती हिची खोडच आहे.
मी विचारलं, शनिवारी कुणी विचारलं,
यीस्ट कुणाचं, तर काय सांगू?
तिने सुरी पुसली.
बरणी धुऊन परत दे, म्हणाली.
साबणाने नको.