मुद्देमाल

चोपड्याच्या रेंज ऑफिसात मागच्या खोलीची किल्ली माझ्याकडे.
सागाचे ओंडके बाहेर, उन्हापावसात.
आत कुऱ्हाडी, फासे, सलईच्या डिंकाचं पोतं,
एक सायकल, जिचा गुन्हा आता कोणालाच आठवत नाही,
आणि भिंतीवर, खिळ्यांना, पाच कामठे.

क्रॉसबो वेगळा. तो कपाटात.
सुरतेकडच्या गाडीत सापडला, सीटखाली,
दुर्बिणीसकट, काळ्या पेटीत. पेटीत स्पंज,
स्पंजात त्याच्याच आकाराचा खड्डा.
सोबत पुस्तिका: रानात एकट्याने तगायचं तर
कोणतं शस्त्र निवडावं, किती ताण, किती पावलांवर काय.
दुपारी वीज गेली की मी ती वाचतो.
पुस्तिकेतल्या रानात माणूसच राहत नाही.

वेस्ता बारेला आला एप्रिलात, तिसऱ्या वर्षी,
कोर्टाचा कागद चार घड्या करून टोपीत.
निर्दोष.
वस्तू परत कराव्यात: कामठा एक, बाण सात.
म्हटलं, ओळख तुझा.

तो पुढे आला नाही. दारातूनच पाहिलं पाचांकडे,
बाजारात बैल पाहतात तसं, आधी पाय.
मग एकेक हातात घेतला.
हा भरपावसात तोडलेला, भुंगा लागणार.
हा धामणीचा, उंच माणसाचा, डाव्या हाताच्या.
हा पोराचा. होल्यांपुरता.
मला नव्हता सांगत, स्वतःशीच चाललं होतं,
आणि मी रजिस्टर उघडून उभा,
ज्यात पहिल्यापुढे माझ्याच अक्षरात
"बांबूचे धनुष्य, जुने"
आणि खाली चार वेळा "वरीलप्रमाणे".

निवडताना काय बघायचं रे?
पुस्तिकेतलाच प्रश्न, पण विचारला.
तो म्हणाला, बांबू कधी तोडला ते.
चुलीवरच्या धुरात एक पावसाळा काढला का, ते.
मग खांदा. ओढून धरल्यावर
डुक्कर आडवं होईपर्यंत थांबता आलं पाहिजे.

आणि नाहीच झालं आडवं?

तर सोडायचा नाही. घरी जायचं.

चौथा त्याचा होता.
मुठीला कातड्याची पट्टी, घामाने काळी पडलेली.
दोरीला, बांबूच्याच सालीच्या दोरीला, त्याने बोट लावलं.
आवाज आला नाही. म्हणजे आला,
वाळत घातलेलं फडकं ओढल्यासारखा.

"साहेब, दोरी कोनीच उतारी नही?"

तीन वर्षं.
अनेरच्या काठी, ज्वारीच्या माळ्यावर, जप्त केला त्या रात्री
तो चढवलेलाच होता.
पंचनाम्यात जसा, तसाच ठेवायचा असतो.
मी खिळ्याला लावला तसाच.
तीन वर्षं ताठ कण्याने नेम धरून,
समोर माझं टेबल.

त्याने एक टोक पावलाशी दाबलं, फास सरकवला.
कामठा सरळ झाला नाही.
हंडा उतरवल्यावरही मान काही वेळ
तशीच राहते, तसा राहिला. फक्त
त्याचा काही वेळ संपेना.

बाण मोजले. सहा घेतले.
सातवा माझ्यापुढे सारला. "हाऊ मना नही शे."
अरे, कागदात सात आहेत, सात ने.
"हाऊ खेमल्याना. तो येई."
मग सहांची लोखंडी पाती उपसून
रुमालाच्या गाठीत बांधली.
काड्या राहिल्या, कामठा राहिला.
"ऱ्हाऊ द्या. बांबू उगस."

"वरील वस्तू सुस्थितीत मिळाल्या"
या ओळीखाली त्याने अंगठा उठवला,
आणि शाई खोलीच्या दाराला पुसली.

संध्याकाळी पुस्तिका काढली.
पान नऊ, तळाशी, चौकटीत:
शस्त्र ताणलेल्या स्थितीत ठेवू नये.
ती चौकट मी याआधी तीनदा तरी वाचली असेल.

स्टूल घेतलं. उरलेल्या चारांच्या दोऱ्या उतरवल्या.
तीन तसेच, वाकलेले.
पोराचा मात्र फास सुटताच उसळला
आणि फाडकन हनुवटीला बसला.

सकाळी साहेबांनी विचारलं, काय लागलं?
म्हटलं, दाढी करताना.